तेल कोणते? आणि किती?

रक्ततपासणीचा कागद हातात येतो, त्यावर कोलेस्टेरॉलचा वाढलेला आकडा दिसतो आणि लगेच प्रश्न येतो, "डॉक्टर, आता कोणते तेल वापरू?" विचारणाऱ्याला एखाद्या तेलाचे नाव हवे असते. ते नाव कळले, घरातला डबा बदलला की काळजी मिटली, असे त्याला वाटते.

हा प्रश्न नवी मुंबईत जितक्या तऱ्हांनी ऐकू येतो तितका क्वचितच इतर कुठे येत असेल. 1970 साली सिडकोची स्थापना झाली, खाडीकाठच्या आगरी-कोळ्यांच्या गावांभोवती नवे शहर वसले आणि चारी दिशांची माणसे येथे राहावयास आली. आज वाशी, नेरूळ, कोपरखैरणे येथील एखाद्या इमारतीच्या एकाच मजल्यावर सातारच्या घरात शेंगदाण्याचे तेल असते, सोलापूरच्या घरात करडईचे, केरळी शेजाऱ्याकडे खोबरेल आणि बिहारच्या बिऱ्हाडात मोहरीचे. जिन्यात वेगवेगळ्या फोडण्यांचा वास येतो आणि प्रत्येकाला आपलेच तेल चांगले वाटते.

यांत खरे कोण? थोडेफार सगळेच. तेलाचे नाव हा यातला मधला प्रश्न आहे. त्याच्या आधी विचारावयाचे की तेल किती, आणि त्याच्यानंतर विचारावयाचे की ते किती वेळा तापवले. या तीन प्रश्नांची उत्तरे आज क्रमाने पाहू.

स्निग्ध पदार्थ हवेतच

कोलेस्टेरॉलच्या भीतीने काही मंडळी तेल-तूप अगदी बंद करून टाकतात. हे चूक आहे. अ, ड, ई आणि के ही जीवनसत्त्वे स्निग्ध पदार्थांत विरघळतात. पालेभाजी किंवा गाजर तेलाच्या थेंबाशिवाय खाल्ले तर त्यांतल्या जीवनसत्त्वांचा पुरता लाभ शरीराला होत नाही. शिवाय काही स्निग्धाम्ले अशी आहेत की ती शरीराला तयार करता येत नाहीत. 1929 साली अमेरिकेतील जॉर्ज बर आणि मिल्ड्रेड बर या शास्त्रज्ञ पती-पत्नींनी उंदरांना पूर्णपणे स्निग्धविरहित आहार देऊन पाहिला. उंदरांची वाढ खुंटली, कातडीवर खवले धरले. थोडे स्निग्ध पदार्थ देताच ते सुधारले. तेव्हापासून या आम्लांना आवश्यक स्निग्धाम्ले म्हणतात. लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीलाही स्निग्ध पदार्थ लागतात. तेव्हा तेल हा शत्रू नव्हे.

पहिला प्रश्न : किती?

एक ग्रॅम पिठातून किंवा डाळीतील प्रथिनांतून सुमारे 4 कॅलरी मिळतात, तर एक ग्रॅम तेलातून 9. तेल कोणतेही असो, घाण्याचे असो वा रिफाइंड, महाग असो वा स्वस्त, हा आकडा बदलत नाही. तुपाचाही जवळपास तोच. म्हणून "हे तेल हलके आहे, थोडे जास्त चालते" या म्हणण्यात काही अर्थ नाही.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने, वरून घालावयाचे तेल, तूप, लोणी सगळे धरून, किती प्रमाण असावे याचा हिशेब दिला आहे. बैठे काम करणाऱ्या पुरुषाला दिवसाला 25 ग्रॅम आणि बैठे काम करणाऱ्या स्त्रीला 20 ग्रॅम. चहाच्या चमच्याने मोजले तर साधारण पाच आणि चार चमचे. अंगमेहनतीचे अवजड काम करणाऱ्या पुरुषाला मात्र 40 ग्रॅमपर्यंत मुभा आहे.

या दोन आकड्यांतील फरक आपल्या शहरात एकाच घरात पाहावयास मिळतो. मुंबईतील घाऊक बाजार तुर्भे येथे आला तेव्हा त्याबरोबर माथाडी कामगारही आले. त्यांतले पुष्कळ सातारा, सांगली, पुणे जिल्ह्यांतले. कोपरखैरणे, घणसोली येथे त्यांच्या वसाहती झाल्या. धान्याची, मसाल्याची, कांद्या-बटाट्याची पोती दिवसभर पाठीवर वाहणाऱ्या माणसाने तेलाची तर्री आलेली आमटी खाल्ली, संध्याकाळी भजी खाल्ली, तरी ते सारे घामावाटे जिरत असे. आता त्याचा मुलगा शिकला. ऐरोलीच्या किंवा महापेच्या कचेरीत तो दहा तास संगणकासमोर बसतो, रिक्षाने स्टेशनवर जातो, लिफ्टने घरी येतो. पण घरातली फोडणीची पळी तीच राहिली. आईचा हात त्याच मापाला सरावलेला आहे.

बापाचे 40 ग्रॅम आणि मुलाचे 25 ग्रॅम, म्हणजे रोज 15 ग्रॅमचा फरक. महिन्याला साडेचारशे ग्रॅम, सुमारे अर्धा लिटर तेल. मुलाच्या अंगाला ज्याची गरज नाही असे हे तेल पोटाच्या घेरावर, यकृतात आणि पुढे रक्तात दिसू लागते. वडिलांना साठीत जे झाले नाही ते मुलाला पंचेचाळिशीत होते आणि घरचे म्हणतात, "आमच्यात तर कुणालाच हृदयविकार नव्हता!"

ही केवळ आपल्या शहराची गोष्ट नाही. इंटरहार्ट नावाचा मोठा अभ्यास 52 देशांत झाला. 2007 साली प्रसिद्ध झालेल्या त्यातील आकड्यांनुसार दक्षिण आशियातील लोकांना हृदयविकाराचा पहिला झटका सरासरी 53व्या वर्षी येतो, तर इतर देशांतील लोकांना जवळपास 59व्या वर्षी. म्हणजे ऐन कमावत्या वयात, मुलांची शिक्षणे बाकी असताना. त्याला तंबाखू, मधुमेह, रक्तदाब, व्यायामाचा अभाव अशी अनेक कारणे आहेत. आहार हे त्यांतले एक.

घराचा हिशेब सोपा आहे. नवरा-बायको दोघेही बैठे काम करणारे आणि शाळेत जाणारी दोन मुले, अशा चौघांच्या घराला महिन्याला सुमारे साडेतीन लिटर पुरे. त्यात तूप आणि लोणीही आले. आपल्या घरी महिन्याला पाच-सहा लिटरची पिशवी फुटत असेल तर तेलाचे नाव विचारण्याआधी पळीचे माप बदलावे. फरसाण, बिस्किटे, वडापाव यांतले तेल तर या हिशेबाच्या बाहेरच असते.

दुसरा प्रश्न : कोणते?

कोणत्याही तेलात तीन प्रकारची स्निग्धाम्ले निरनिराळ्या प्रमाणात मिसळलेली असतात. पहिली संपृक्त. ज्यात ही जास्त, ते थंडीत गोठते, जसे तूप आणि खोबरेल. दुसरी एक-असंपृक्त आणि तिसरी बहु-असंपृक्त. ही जास्त असलेली तेले पातळ राहतात.

यांचा हृदयाशी संबंध यकृतामार्फत येतो. रक्तातून फिरणारे घातक कोलेस्टेरॉल उचलून घेण्याचे काम यकृताच्या पेशी करतात. आहारात संपृक्त स्निग्धाम्ले फार झाली की हे उचलणे मंदावते, कोलेस्टेरॉल रक्तात साचत राहते आणि वर्षानुवर्षे रक्तवाहिन्यांच्या आतल्या बाजूस त्याचे थर बसतात. संपृक्तच्या जागी असंपृक्त स्निग्धाम्ले आली की यकृताचे काम पुन्हा सुधारते. म्हणून जागतिक आरोग्य संघटना सांगते की दिवसाच्या एकूण कॅलरींपैकी संपृक्त स्निग्धाम्लांचा वाटा दहा टक्क्यांच्या वर जाऊ नये.

आता आपल्या बरण्यांकडे पाहू. खोबरेल तेलात सुमारे 90 टक्के संपृक्त स्निग्धाम्ले असतात, साजूक तुपात साठ टक्क्यांहून अधिक, पामतेलात सुमारे निम्मी. शेंगदाणा, तीळ आणि तांदळाच्या कोंड्याचे तेल यांत संपृक्तचा वाटा वीस टक्क्यांच्या आत-बाहेर असून दोन्ही प्रकारची असंपृक्त आम्ले बऱ्यापैकी असतात. सूर्यफूल आणि आपली पारंपरिक करडई यांत बहु-असंपृक्त आम्लेच फार. मोहरी आणि सोयाबीनमध्ये ओमेगा-3 या प्रकारची आम्लेही थोडी असतात आणि जवसात ती भरपूर, निम्म्याहून अधिक.

"कोलेस्टेरॉलमुक्त" असे पिशवीवर मोठ्या अक्षरांत लिहिलेले पाहून कुणी जादा पैसे मोजू नयेत. कोलेस्टेरॉल प्राणिज पदार्थांत असते. शेंगदाणा, सूर्यफूल, पाम, कोणत्याही वनस्पतीच्या तेलात ते मोजण्याइतके नसतेच. रक्तातले कोलेस्टेरॉल वाढावयाचे तर ते तेलातल्या संपृक्त आम्लांमुळे वाढते, हे पिशवीवर लिहिलेले नसते.

डालड्याची गोष्ट

या सगळ्यांहून वाईट असा एक चौथा प्रकार माणसाने स्वतः तयार केला. पातळ तेलात निकेलच्या साहाय्याने हायड्रोजन वायू मिसळला की ते तुपासारखे घट्ट होते. विल्हेल्म नॉर्मन या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने 1902 साली या क्रियेचे पेटंट घेतले. आपल्याकडे 1930 नंतरच्या काळात मुंबईत शिवडीला याचा कारखाना निघाला आणि डालडा घराघरांत पोहोचला. ताडाच्या झाडाचे चित्र असलेला तो पिवळा डबा आजच्या पन्नाशी-साठीच्या वाचकांना आठवत असेल. रिकाम्या डब्यात तुळस लावलेली असे. साजूक तूप परवडत नाही म्हणून, आणि पुढे पुढे तुपाने कोलेस्टेरॉल वाढते म्हणूनही, लोकांनी वनस्पती तूप जवळ केले.

घट्ट करण्याच्या या क्रियेत तेलातील काही आम्लांची ठेवण बदलते आणि ट्रान्स स्निग्धाम्ले तयार होतात. 1990 साली मेनसिंक आणि काटान या डच संशोधकांनी दाखवून दिले की ही आम्ले घातक कोलेस्टेरॉल वाढवतात आणि वर उपकारक कोलेस्टेरॉल कमीही करतात. संपृक्त आम्लांकडूनही असा दुहेरी अपाय होत नाही. म्हणजे तुपाला भिऊन आपण जे घरात आणले ते तुपाहून वाईट निघाले.

डेन्मार्कने 2003 साली यावर कायद्याने मर्यादा घातली. आपल्याकडे भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने तेल व वनस्पती तुपातील ट्रान्स आम्लांची मर्यादा पायरीपायरीने खाली आणली. 2021 साली ती 3 टक्के झाली आणि 1 जानेवारी 2022 पासून 2 टक्के. ही मोठीच सुधारणा आहे. मात्र खारी, बटर, नानकटाई, पफ यांना खुसखुशीतपणा येण्यासाठी घट्ट स्निग्ध पदार्थ लागतोच, आणि ट्रान्सची जागा आता बहुधा पामतेलातील घट्ट घटकांनी घेतली आहे. तेव्हा चहाबरोबरची खारी निर्धोक झाली, असा याचा अर्थ कुणी घेऊ नये.

करडईपासून धडा

एके काळी हृदयविकाराच्या रुग्णाला हमखास सांगितले जाई, "करडईचे तेल सुरू करा." बहु-असंपृक्त आम्ले सर्वांत जास्त म्हणून ते सर्वांत चांगले, असा हिशेब होता. 1966 ते 1973 या काळात ऑस्ट्रेलियातील सिडनी येथे, हृदयविकार होऊन गेलेल्या पुरुषांवर याचा प्रयोग झाला होता. त्यांच्या आहारातील संपृक्त स्निग्ध पदार्थ काढून करडईचे तेल व त्यापासून केलेले मार्गारिन दिले. त्या जुन्या नोंदी पुन्हा तपासून 2013 साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले, तेव्हा करडई घेणाऱ्या गटात मृत्यूचे प्रमाण जास्त आढळले.

याचा अर्थ करडई विषारी आहे असा मुळीच नव्हे. संपृक्तच्या जागी असंपृक्त तेले आल्याने हृदयविकार कमी होतो, असे इतर अनेक प्रयोग मिळून दिसते. पण करडईत ओमेगा-3 जवळजवळ नसते. एकच तेल औषधासारखे भरमसाट घेतले तर एका प्रकारचे आम्ल फार होते आणि दुसऱ्याची उणीव राहते. म्हणून आज आहारतज्ज्ञ एका तेलाचे नाव सांगत नाहीत. तेले आलटून-पालटून वापरा, असे सांगतात. शेंगदाणा, तीळ किंवा तांदळाच्या कोंड्याचे तेल एका महिन्यात आणि सोयाबीन किंवा मोहरीचे दुसऱ्या महिन्यात, अशी जोडी चांगली.

आपल्या जुन्या जेवणात ही सोय होतीच. विदर्भ-मराठवाड्याच्या ताटात जवसाची आणि कारळ्याची चटणी असे. येथील आगरी-कोळी घरांत बांगडा आणि तारली ही स्वस्त मासळी असे, आणि या तेलकट मासळीत उत्तम प्रतीचे ओमेगा-3 असते. तीच मासळी रोज तळण्यापेक्षा कालवणात घातली तर लाभ टिकतो.

पामतेलाविषयी दोन शब्द. आपला देश निम्म्याहून अधिक खाद्यतेल बाहेरून आणतो आणि त्यात इंडोनेशिया-मलेशियाच्या पामतेलाचा वाटा मोठा. राज्य सरकारने 2022 च्या दिवाळीत शंभर रुपयांत "आनंदाचा शिधा" दिला, त्यातही रवा, चणाडाळ, साखर यांच्यासोबत पामतेलच होते. ते वाईट म्हणून फेकून द्यावे असे नाही. मोजून वापरावे, आणि पुढच्या महिन्यात शक्य असेल तर दुसरे तेल आणावे.

साजूक तुपालाही हाच न्याय. वरण-भातावर किंवा पोळीला मिळून दिवसाला एखादा चहाचा चमचा तूप निरोगी माणसाला चालते. मात्र तो चमचा तेलाच्या हिशेबातून वजा करावा.

घाण्याचे तेल की रिफाइंड, हाही वाद ऐकू येतो. लाकडी घाण्याच्या तेलात स्वाद, वास आणि काही उपयुक्त घटक टिकतात हे खरे. पण त्यातील स्निग्धाम्ले आणि कॅलरी रिफाइंड तेलातल्याइतक्याच असतात. शिवाय दाणे बुरशी धरलेले असतील तर बुरशीचे विष घाण्याच्या तेलात उतरू शकते. म्हणून घाणा ओळखीचा आणि दाणे निवडलेले असावेत.

तिसरा प्रश्न : किती वेळा तापवले?

चांगले तेल वाईट करण्याचा सोपा उपाय म्हणजे ते पुन्हा पुन्हा तापवणे. तापलेल्या तेलाचा हवेशी संयोग होऊन नवी, अपायकारक संयुगे तयार होतात. तेल काळपट आणि चिकट होते, त्यावर फेस येतो, घशाला झोंबणारा वास येतो. बहु-असंपृक्त तेले सर्वांत लवकर बिघडतात, म्हणून तळणासाठी सूर्यफुलापेक्षा शेंगदाणा किंवा तांदळाच्या कोंड्याचे तेल बरे.

असे वापरलेले तेल किती बिघडले हे त्यातील ध्रुवीय संयुगांवरून मोजतात. त्यांचे प्रमाण 25 टक्क्यांच्या वर गेले की ते तेल खाण्यासाठी वापरता येत नाही, असा नियम 1 जुलै 2018 पासून देशभर लागू आहे. मोठ्या उपाहारगृहांकडून असे तेल गोळा करून त्याचे जैवडिझेल करण्याची योजनाही आहे. पण स्टेशनबाहेरच्या गाडीवर कढईतले कालचे तेल आज, आणि त्यातच नवे घालून उद्या, असे चालू असेल तर ते मोजावयास कोण येणार? ते आपणच डोळ्यांनी पाहावे. कढईतले तेल काळे दिसत असेल तर तेथला वडा कितीही चविष्ट असो, पुढे चालू लागावे.

घरीही सणाला उरलेले तळणाचे तेल गाळून दोन-तीन दिवसांत भाजीच्या फोडणीत संपवावे. पुन्हा तळणासाठी कढई चढवू नये. तेलातून धूर निघेपर्यंत ते तापवू नये.

सुटे तेल नकोच

1998 च्या ऑगस्टमध्ये दिल्लीत मोहरीच्या तेलात पिवळ्या धोत्र्याच्या बियांच्या तेलाची भेसळ झाली. या बिया मोहरीसारख्याच दिसतात. लोकांच्या पायांवर सूज आली, श्वास लागू लागला आणि साठहून अधिक माणसे दगावली. त्याच वर्षी केंद्र सरकारने खाद्यतेल बंद पाकिटातूनच विकण्यासाठी आदेश काढला. तरीही चार पैसे वाचतात म्हणून डब्यातून मापाने तेल घेणारे आजही आढळतात. बंद पिशवी, तिच्यावर परवाना क्रमांक आणि तारीख, एवढे पाहूनच तेल घ्यावे.

घरी काय करावे?

महिन्याच्या पहिल्या तारखेला चौघांच्या घरासाठी साडेतीन लिटर तेल-तूप वेगळे काढावे आणि महिना त्यातच निभवावा. भाजीत किटलीने तेल ओतण्याऐवजी चमच्याने घालावे. आठवड्यातून एकदाच तळण करावे. दर एक-दोन महिन्यांनी तेल बदलावे. जवस, तीळ, कारळे यांची चटणी ताटात असावी. बिस्किटे व फरसाण यांचा डबा डोळ्यांसमोर ठेवू नये. चाळिशीनंतर वर्षातून एकदा रक्तातील कोलेस्टेरॉल व साखर तपासून घ्यावी. ज्यांना कोलेस्टेरॉलच्या गोळ्या चालू आहेत त्यांनी, तेल बदलले म्हणून डॉक्टरांना न विचारता त्या बंद करू नयेत.

शेजारणीचे तेल कोणते याची चौकशी अवश्य करावी. पुढच्या महिन्यात तेच आणून पाहावे, पालट होईल. पण त्याआधी आज रात्री स्वयंपाक करताना फोडणीच्या पळीत किती चहाचे चमचे तेल मावते ते एकदा मोजून पाहावे. घरातल्या कर्त्या माणसाच्या हृदयासाठी त्या मापाइतके स्वस्त औषध दुसरे नाही.